एमबीबीएसचं पहिलं वर्ष: हजेरी, सह्या, परीक्षा आणि घरी जायचे दिवस

एमबीबीएसला नव्याने आलेली मुलं पहिल्या महिन्यात दोन प्रश्न हमखास विचारतात: पुस्तकं कोणती घ्यायची आणि दिवाळीची सुट्टी किती. पहिल्याचं उत्तर कुठलाही सिनिअर उभ्या उभ्या देतो. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या हजेरीच्या रजिस्टरात असतं आणि ते पहिल्या आठवड्यापासून लिहिलं जात असतं. सुट्टी आणि परीक्षा यांचं इथे एकच खातं आहे. एकीकडे जास्त काढलं की दुसरीकडे कमी पडतं.

पुढचं सगळं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न असलेल्या कॉलेजांना धरून लिहिलं आहे. कॉलेज मुंबईचं जीएस असो, पुण्याचं बीजे असो की मिरजेचं, विद्यापीठ तेच. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज गोवा विद्यापीठाखाली येतं. हजेरीचे राष्ट्रीय नियम तिथेही लागू, पेपर मात्र त्या विद्यापीठाचे.

आधी सामान

अ‍ॅप्रन दोन घ्या, दोन्ही पूर्ण बाह्यांचे. एक फक्त डिसेक्शन हॉलसाठी, म्हणजे जिथे मृतदेहाचं विच्छेदन करून शिकायचं असतं तिथे. त्याला फॉर्मॅलिनचा (मृतदेह टिकवायच्या रसायनाचा) आणि चरबीचा वास एकदा लागला की जात नाही, म्हणून तो वेगळा धुवा आणि खोलीत बाकीच्या कपड्यांत टांगू नका. दुसरा फिजिओ (फिजिऑलॉजी, शरीराचं कार्य) आणि बायोकेमच्या (बायोकेमिस्ट्री, शरीरातलं रसायनशास्त्र) लॅबसाठी. डिसेक्शन किटमध्ये दोन चिमटे लागतात, एक दातेरी आणि एक साधा. स्काल्पेलचं ३ नंबरचं हँडल असेल तर त्याला १०, ११, १५ नंबरची पाती बसतात. ४ नंबरच्या हँडलला २० च्या पुढची. दुकानातून चुकीची पाती आणणं ही दर वर्षीची गंमत आहे. पातं बोटांनी बसवू नका, चिमट्याने धरून खाचेत सरकवा. पहिल्या आठवड्यातले बहुतेक कापलेले अंगठे टेबलावर कापलेले नसतात, पातं बसवताना कापलेले असतात. डिसेक्शनच्या दिवशी कॉन्टॅक्ट लेन्स नको, चष्मा बरा. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात आणि हातमोजे घातलेला हात डोळ्याला लावता येत नाही.

हजेरीचा हिशोब स्वतः ठेवा

नियम असा: प्रत्येक विषयात थिअरीला किमान ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला किमान ८० टक्के हजेरी. पहिल्या वर्षाचे विषय तीन: अॅनॅटमी (शरीररचना), फिजिओ आणि बायोकेम. त्यांची सरासरी काढत नाहीत. अ‍ॅनॅटमीला ९५ टक्के असून बायोकेमच्या प्रॅक्टिकलला ७६ भरली, तर घोडं बायोकेमवरच अडतं.

लोकांना सगळ्यात उशिरा कळणारी गोष्ट म्हणजे लेक्चर बुडणं आणि प्रॅक्टिकल बुडणं यांची किंमत सारखी नसते. समजा एका विषयाची वर्षात १२० लेक्चर्स झाली. ७५ टक्के म्हणजे ९०, तुमच्या हातात ३० उरली. पण त्याच विषयाचं प्रॅक्टिकल तुमच्या बॅचला आठवड्यातून एकदाच असेल आणि वर्षभरात ३० झाली असतील, तर ८० टक्के म्हणजे २४. हातात फक्त ६. गणपतीला एक, दिवाळीच्या आधी एक आणि नंतर एक, गॅदरिंगच्या धावपळीत एक, तापात दोन. संपली.

म्हणून एक छोटी वही करा. विषयाला एक पान, त्यावर दोन रकाने: झालेले तास आणि बुडालेले तास. रविवारी पाच मिनिटं पुरतात. विभागाच्या सूचनाफलकावर हजेरीची यादी लागते तेव्हा आपली वही घेऊन जा आणि आकडा जुळला नाही तर त्याच आठवड्यात क्लार्कला किंवा बॅचच्या शिक्षकांना विचारा. दोन महिन्यांनी "सर, मी त्या दिवशी होतो" याला काही अर्थ उरत नाही. चूक बहुतेक वेळा रोल नंबरची असते; १०६ च्या जागी १०९ ला टिक.

आजारपणाच्या दाखल्याबद्दल मोठा गैरसमज आहे. दाखला जोडल्याने गैरहजेरीची हजेरी होत नाही. बुडालेल्या पार्ट कम्प्लिशनसाठी (एक भाग संपल्यावरच्या छोट्या परीक्षेसाठी) पुन्हा संधी मागताना तो कामाला येतो. तो परत आल्या दिवशी अर्जासकट विभागात द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा. प्रॉक्सी मारणाऱ्या (तुमच्या नावाने हजेरी देणाऱ्या) मित्रावर विसंबू नका. पकडला गेलात तर तो तास जातोच, शिवाय व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) त्याच सरांसमोर बसायचं असतं.

जर्नल आणि लॉगबुक

परीक्षेच्या दिवशी प्रमाणित जर्नल हातात नसेल तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही प्रिलिमनंतर (कॉलेजच्या पूर्वपरीक्षेनंतर) स्टाफरूमबाहेर रांग लागते. रांगेचं कारण आळस इतकंच नसतं. ज्या शिक्षकांनी प्रॅक्टिकल घेतलं त्यांचीच सही लागते, आणि तोवर रेसिडेंट (तिथे पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर) बदललेले असतात, कुणी रजेवर गेलेलं असतं, कुणाची बदली झालेली असते.

यावर एकच रीत चालते. प्रॅक्टिकल झालं त्या रात्री लिहायचं, पुढच्या प्रॅक्टिकलला सुरुवातीच्या दहा मिनिटांत सही घ्यायची. हिस्टॉलॉजीच्या (ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या) आकृत्या मायक्रोस्कोपसमोर बसून पेन्सिलीने कच्च्या काढा आणि खोलीवर गुलाबी-जांभळा रंग भरा. सिनिअरच्या जर्नलवरून उतरवलेली स्लाइड स्पॉटरला (टेबलावर ठेवलेली वस्तू ओळखायच्या परीक्षेत) ओळखू येत नाही, कारण ती तुम्ही पाहिलेलीच नसते. ग्रॉसच्या (नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या रचनेच्या) आकृत्यांत धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी, लसिकावाहिनी हिरवी हा संकेत पहिल्या दिवसापासून पाळा.

लॉगबुक हे जर्नलपेक्षा वेगळं. २०१९ पासून अभ्यासक्रम क्षमताधारित झाला आणि ठरावीक कौशल्यं करून दाखवल्याची नोंद त्यात होते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दत्तक घेतलेल्या गावातल्या कुटुंबांच्या भेटींची नोंदही त्या त्या वेळीच करून घ्या. भेट झाली, पण सही राहिली, तर गाडी पुन्हा त्या गावाला कधी जाईल ते सांगता येत नाही.

पार्ट कम्प्लिशन, टर्मिनल आणि एक हाड

अ‍ॅनॅटमीत एक भाग संपला की त्याची पार्ट कम्प्लिशन होते, बहुतेक ठिकाणी टेबलवरच्या व्हायव्हासकट. हे गुण, टर्मिनलचे (सत्र परीक्षेचे) आणि प्रिलिमचे गुण मिळून अंतर्गत मूल्यमापन तयार होतं. त्यात थिअरी आणि प्रॅक्टिकल मिळून किमान ५० टक्के, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे किमान ४० टक्के, नसतील तर विद्यापीठाच्या परीक्षेला पात्र ठरत नाही. हे गुण अंतिम बेरजेत धरत नाहीत, म्हणून काहीजण त्यांना किरकोळ समजतात. दाराचं तिकीट खुर्चीच्या भाड्यात धरत नाहीत, पण ते नसेल तर आत सोडत नाहीत, तसंच हे.

व्हायव्हात काय होतं ते एका हाडावरून पाहा. सगळ्यांचं पहिलं हाड क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड. समोरच्या ट्रेमधून ते उचलायला सांगतात आणि पहिला प्रश्न येतो: बाजू कुठली? इथे "लेफ्ट" असं नुसतं म्हणू नका. हातात असं धरा: चपटं टोक बाहेरच्या बाजूला, जाड चौकोनी टोक छातीकडे, आतल्या दोन तृतीयांश भागाचा फुगवटा पुढे, आणि सबक्लेवियस स्नायूची खाच खाली. या चार गोष्टी जुळल्या की हाड आपोआप एकाच बाजूच्या खांद्यावर बसतं. धरता धरता मोठ्याने बोला. परीक्षकाला तुमचा क्रम ऐकायचा असतो, आणि घाबरून बाजू चुकली तरी क्रम बरोबर असेल तर ते "पुन्हा धर" म्हणतात. पुढचे प्रश्न ठरलेले: शरीरात सगळ्यात आधी हाड बनायला सुरुवात कुठे होते (याच हाडात, गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात), आडवं असलेलं लांब हाड कोणतं (हेच), मोडतं कुठे (आतला दोन तृतीयांश आणि बाहेरचा एक तृतीयांश भाग मिळतात तिथे, कारण तिथे वळण बदलतं). आता याला कोणते स्नायू चिकटतात, हे खडूने त्याच हाडावर दाखवता आलं तर तो व्हायव्हा तुमचा.

इंग्रजीचा धसका घेतलेल्या मुलांसाठी एक गोष्ट. मराठी माध्यमातून आलेल्यांचं अडतं ते वाचताना नाही, तोंडाने सांगताना. रोज रात्री दहा मिनिटं रूममेटसमोर एक विषय इंग्रजीत बोलून काढा, तुटक बोललं तरी चालेल. तीन-चार आठवड्यांत जीभ सुटते.

घरी जाताना

दिवाळीची तिकिटं काढण्याआधी तीन गोष्टी पाहा: तुमच्या बॅचचं प्रॅक्टिकल कुठल्या वारी आहे, सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात कुठली पार्ट कम्प्लिशन आहे, आणि वहीत कुठल्या विषयाचे किती तास हातात आहेत. सुट्टीच्या आदल्या दिवशी निघायचं तर लेक्चर जाईल असा दिवस निवडा, प्रॅक्टिकल जाईल असा नको. "सगळीच बॅच जाणार आहे, मास बंक (सगळ्यांनी मिळून तास बुडवणं) आहे" या भरवशावर राहू नका. मास बंकच्या दिवशी वीसजण बसलेले असतातच, आणि शिक्षक त्या दिवशी मुद्दाम हजेरी घेतात.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीसाठी नागपूर-मुंबईसारख्या गाड्या काही मिनिटांत वेटिंगवर जातात, तेव्हा सुट्टी जाहीर व्हायची वाट पाहू नका. जायचं तिकीट दोन तारखांचं काढून नंतर एक रद्द केलं तरी परवडतं. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, त्यामुळे मुलींना ऐनवेळीही एसटी स्वस्त पडते. परतीचं तिकीट रविवार रात्रीचं काढू नका. गाडी तीन तास उशिरा आली की सोमवारचं डिसेक्शन गेलं, आणि सोमवारी हजेरी कडक असते.

घरी अभ्यासाला काय न्यायचं? थोडं. तीन जाड पुस्तकं घेऊन जाणारे तीन जाड पुस्तकं तशीच परत आणतात. एकच काम ठरवा: सुटलेल्या हिस्टॉलॉजीच्या आकृत्या, किंवा बायोकेमची दोन चक्रं न बघता लिहून काढणं. आकृत्यांचं काम उत्तम, कारण चकल्या तळल्या जात असताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसूनही होतं. खरी हाडं बॅगेत घालून घरी नेऊ नका. बसमध्ये बॅग तपासली गेली तर समजावत बसावं लागतं, घरात आजी असेल तर तिथेही, आणि हाड हरवलं तर दंड होतो तो वेगळाच. प्लॅस्टिकचं हाड किंवा फोटो पुरतात.

जे घरी जात नाहीत त्यांच्यासाठी: दिवाळीत मेस बहुतेक बंद असते. चालू राहणारी खानावळ कोणती हे आठवडाभर आधी विचारून ठेवा, वॉर्डनकडे राहण्याचा अर्ज द्या, रीडिंग रूमची वेळ बदलते का ते पाहा. घरी जाणाऱ्यांनी मेसचे दिवस कापून घ्यायचे असतील तर मॅनेजरला आधी लेखी कळवा. परत आल्यावर सांगितलेलं कुणी धरत नाही. आणि फराळाचा डबा आणताना चिवडा-शंकरपाळी जास्त, लाडू कमी. लाडवांना हॉस्टेलच्या मुंग्या दुसऱ्या दिवशी शोधून काढतात.

प्रिलिम ते विद्यापीठाचा पेपर

परीक्षेचा फॉर्म कॉलेजमार्फत भरला जातो. नाव, आईचं नाव, विषय हे हॉल तिकीट हातात आल्यावर त्याच दिवशी तपासा. तीन विषय, प्रत्येकाचे १०० गुणांचे दोन पेपर, पेपरला तीन तास. उत्तीर्ण होण्याचे निकष गेल्या काही वर्षांत बॅचनुसार बदलत गेले आहेत, तेव्हा सिनिअरच्या आठवणीवर जाऊ नका, आपल्या बॅचला लागू असलेलं परिपत्रक वाचा.

पहिली ३० मिनिटं २० गुणांच्या एमसीक्यूंची. उत्तराच्या चौकटीत फुली एकदाच मारायची. खाडाखोड केली किंवा पांढरी शाई लावली तर त्या प्रश्नाचा गुण जातो, उत्तर बरोबर असलं तरी. म्हणून आधी वाचून मनात ठरवा, मग पेन टेकवा. प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या जागेत काहीही लिहू नका, साधी बेरीजसुद्धा नाही. तो गैरप्रकार धरला जातो.

उरलेली १५० मिनिटं ८० गुणांची. दोन गुणांच्या दहा उत्तरांना तीन-तीन मिनिटं म्हणजे अर्धा तास. पाच गुणांच्या आठ उत्तरांना नऊ-नऊ म्हणजे ७२. दहा गुणांच्या दोन दीर्घोत्तरांना अठरा-अठरा म्हणजे ३६. एकूण १३८, हातात १२ उरतात. हे गणित बिघडतं ते बहुधा पहिल्या दीर्घोत्तरात: येत असतं म्हणून पस्तीस मिनिटं लिहिलं जातं आणि शेवटी पाच गुणांचे दोन प्रश्न कोरे राहतात. पाच गुणांच्या प्रश्नाला नुसती नावं दिलेली नीट आकृती आणि चार ओळी लिहिल्या तरी काही हाती लागतं, कोऱ्या पानाला शून्य.

आणखी एक. पेपर एक झाला की त्याच्या नोट्स फेकू नका. अभ्यासक्रमाची वाटणी ही फक्त मार्गदर्शक आहे आणि कुठल्याही पेपरात कुठल्याही भागावर प्रश्न येऊ शकतो, असं प्रश्नपत्रिकेवरच छापलेलं असतं. "आउट ऑफ सिलॅबस" म्हणून तक्रार चालत नाही.

प्रॅक्टिकलमध्ये हात कुठे चुकतो ते सांगतो. फिजिओत साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन काढताना नळीत डेसिनॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सर्वांत खालच्या खुणेपर्यंत. बोटाला टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाका आणि बोट पिळू नका. पिळलं की ऊतींतलं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा कमी येतो. पिपेटमध्ये ०.०२ मिलीच्या खुणेपर्यंत रक्त, मध्ये बुडबुडा नको, टोकाला बाहेरून लागलेलं रक्त कापसाने पुसा. अ‍ॅसिडमध्ये सोडल्यावर पूर्ण दहा मिनिटं थांबा. रंग पुरता तपकिरी व्हायच्या आत पाणी घातलं तर पुन्हा आकडा कमीच. मग थेंब थेंब पाणी, दर वेळी ढवळून, काडी द्रवाच्या वर उचलून, खिडकीकडे तोंड करून रंग जुळवा. पाणी एकदा जास्त झालं की मागे फिरता येत नाही.

रक्ताच्या स्मीअरला (काचेवर पसरलेल्या पातळ थराला) लिश्मन हा रंग, म्हणजे स्टेन, लावताना आधी नुसता स्टेन, आठ-दहा थेंब, दोन मिनिटं. त्यातल्या मिथाइल अल्कोहोलने पेशी काचेला घट्ट बसतात. मग दुप्पट बफर पाणी घालून सात ते दहा मिनिटं. खरा रंग या वेळात चढतो. स्टेन काचेवर सुकू दिला तर काळे कण दिसतात आणि सगळे प्लेटलेटसारखे वाटतात. बायोकेमच्या बेनेडिक्ट टेस्टला (लघवीतली साखर पाहायच्या चाचणीला) ५ मिली द्रावण आणि ८ थेंब लघवी, एवढंच. "थोडी जास्त घालू" म्हणून निम्मी नळी भरली की निकाल बिघडतो. तापवताना नळीचं तोंड शेजाऱ्याकडे नको.

स्पॉटरला घंटा वाजली की पुढे सरका, उत्तर अपुरं असलं तरी. मागच्या टेबलाचा विचार करत पुढचं टेबल घालवणं हा सगळ्यात महाग धंदा आहे.

परीक्षेच्या आधीच्या रात्री सहा तास झोप हवीच. व्हायव्हात झोप न झालेला मुलगा लगेच ओळखू येतो. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येतं, मराठीतही. कॉलेजच्या मानसोपचार विभागात जायला संकोच वाटत असेल तर तो पर्याय सोपा.

राहिलं तर

एखादा विषय राहिला तर सप्लीमेंटरी (पुरवणी परीक्षा) लवकरच असते, तेव्हा निकालाच्या दिवशी घरी पळू नका. गुणपत्रिकेत थिअरी कमी पडली की प्रॅक्टिकल ते पाहा. थिअरी कमी असेल तर रोज एक पेपर वेळ लावून लिहा. प्रॅक्टिकल कमी असेल तर रेसिडेंटना विचारून संध्याकाळी म्युझियम आणि लॅब उघडून घ्या. निकालानंतरचे आठवडे तिथे गर्दी नसते. पहिल्या वर्षासाठी एकूण प्रयत्न चारच मिळतात, त्यामुळे "या वेळी नुसतं बसून बघतो" असं करू नका.

पास झालात तर मधली सुट्टी पुरती घ्या. दुसऱ्या वर्षापासून सकाळी वॉर्डातलं पोस्टिंग (रुग्णांजवळ शिकण्याची पाळी) सुरू होतं आणि तिथली हजेरी वेगळी मोजतात. ओपीडी रविवारी आणि सरकारी सुट्टीला बंद असते, कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) कधीच बंद नसते. पोस्टिंगचा तक्ता लागला की दिवाळीच्या आठवड्यात आपलं युनिट कुठलं आहे, ते आधी बघा आणि मगच तिकीट काढा.